कंबर म्हणायची जागा

‘हितं बसाय येत असतं, तर दवाखान्यात कशाला आलो असतो?’

हे वाक्य माझे यजमान मला म्हणाले नाहीत आणि काउंटरवरच्या मुलीलाही नाही. तिनं ‘बसा की पावणं, नंबर यायला वेळ हाय’ म्हणून पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घातलं होतं. हे समोरच्या भिंतीवरच्या मूत्रपिंडांच्या रंगीत चित्राला ओठांतल्या ओठांत सांगत होते. मी स्टीलच्या बाकड्यावर बसलेली आणि हे, म्हणजे धैर्यशील, माझ्या डोक्यालगत भिंतीला खांदा टेकून उभे, म्हणून एवढं तरी कानावर पडलं. पडलं आणि मी दचकले. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, दुखण्याला दोन. आणि या दोन वर्षांत बसायला येत नाही हे एवढंसं वाक्य त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकत होते. तेही मूत्रपिंडाला सांगितलेलं. आमच्यात त्या दुखण्याचं नाव कंबर. कळंब्याच्या गल्लीत कंबर, इचलकरंजीला ह्यांच्या यंत्रमागाच्या सुट्या भागांच्या दुकानात कंबर, पुण्याला शिकणाऱ्या अनुजाला, आमच्या लेकीला, फोनवर कंबर. आणि आज राजारामपुरीतल्या ह्या लघवीच्या डॉक्टरांकडं, दहा मिनिटांपूर्वी, त्या मुलीनं (छातीवर मोना असं नाव लावलंय तिनं) भरल्या हॉलमध्ये खणखणीत विचारलं, ‘पेशंटला काय होतंय?’ तर हे म्हणाले, ‘कंबर.’ ‘कंबरेचं खालच्या मजल्यावर, पावणं. हितं लघवीचं बघत्यात.’ सात-आठ माना वर झाल्या. ह्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की जणू लघवी हा शब्द मीच गावात आणलाय. मग मीच पुढं झाले. ‘प्रोस्टेट लिहा,’ म्हटलं. तिनं लिहिलेलं मी उलट्या बाजूनं वाचलं: पोस्टेट. असू दे. कंबरेपेक्षा जवळ आलो.

मला राग येतो तो ह्याचाच. आमच्याकडची माणसं काय तोंडानं बांधलेली नाहीत. माझे थोरले दीर विजयसिंह सकाळी डेअरीला दूध घालून परत येईपर्यंत म्हशीला, रस्त्यातल्या खड्ड्याला, समोरून आलेल्या रिक्षाला आणि फारच प्रेम आलं तर सख्ख्या मित्राला ज्या ज्या अवयवांवरून हाक मारतात, ती नावं एकाखाली एक लिहून काढली तर डॉक्टरकीचं पहिलं पुस्तक होईल. ह्यांचं दुकानात वेगळं काही नाही. एखादा भाग हरवला की मालकापासून हमालापर्यंत सगळ्यांचा खालचा निम्मा देह हवेत फिरत असतो. पण तोच निम्मा देह दुखायला लागला, की सगळे मुके. शिवी द्यायला त्या जागेला दहा नावं आहेत, दुखायला एक नाही. म्हणून माणूस जवळात जवळचा सभ्य शब्द शोधतो आणि वर सरकत सरकत कंबरेवर येऊन थांबतो. आणि मग सगळं औषध कंबरेला.

मला आधी कळलं ते कपड्यांवरून, आणि कळूनही कळलं नाही. मी ब्लाउज शिवते, गेली वीस-बावीस वर्षं, पुढच्याच खोलीत मशीन आहे. घरातल्यांच्या पॅन्ट, पायजमे, दुरुस्त्या सगळं माझ्याकडंच. ह्यांची पॅन्ट कायम आधी आसनात विटायची. आसन हा आमच्या शिवणकामातला शब्द; दोन्ही पायांच्या शिवणी वर येऊन जिथं एकमेकींना मिळतात, ती जागा. रोज कळंब्यावरून इचलकरंजी आणि परत, मोटरसायकलवर, तेव्हा तिथलं कापड चाळणीगत व्हायचं आणि मी आतून तुकडा लावून द्यायची. दोन वर्षांमागं ते विटायचं थांबलं. खिसे फाटले, गुडघ्याचा रंग उडाला, आसन मात्र दुकानातनं आणल्यासारखं. मी विचारलं, ‘अहो, गाडीवर बसता का न्हाय?’ तर म्हणाले, ‘गाडी आवाज कराय लागलीया.’ पुढच्या महिन्यात गाडी विकली. एसटीनं जायला लागले. आणि गल्लीत ह्यांचं नाव झालं, की बसायला जागा मिळाली तरी उठून बाईमाणसाला देणारा असा सज्जन आता राहिला नाही. मला अभिमान वाटला. दोन बायकांनी ब्लाउज टाकायला आल्यावर मुद्दाम सांगितलं, ‘भाऊजींनी जागा दिली हो काल,’ आणि मी त्यांना चहा केला. कापड मला सांगत होतं आणि मी चहा करत होते.

कंबर म्हटल्यावर सासूबाई पुढं झाल्या. धोंडुबाई त्यांचं नाव, आम्ही आत्ती म्हणतो. वय ब्याऐंशी, पण तेल गरम करायचं म्हटलं की पदर खोचून तयार. महिनाभर कंबर रगडून झाली. हे पालथे पडून राहायचे, चेहऱ्यावर परक्याचं लग्न बघितल्यासारखा भाव. मग शेक, मग पट्टा, मग हाडाचे डॉक्टर. त्यांनी फोटो काढला, मणके वयाला साजेसे आहेत म्हणाले, वजन लावून दहा दिवस ओढलं. अकराव्या दिवशी आत्तींनी निदान बदललं. ‘उष्णता हाय ती. गाडीवर बसून बसून आत साठलीया.’ झालं, तांबडा रस्सा बंद, अंडी बंद, सकाळी सब्जा, दुपारी ताक, रात्री गुलकंद. आमच्यात माणूस एकवेळ कंबरेशिवाय जगंल, रस्स्याशिवाय नाही. पण हे मुकाट ताक प्यायले. हट्टी माणूस असा निमूटपणे ऐकायला लागला तेव्हाच मला भीती वाटायला हवी होती. आणि उष्णतेच्याच नावाखाली एका संध्याकाळी जेवणं झाल्यावर ह्यांनी आपली गादी उचलली. ‘आत उकाडा लई हुतोय,’ म्हणाले, आणि गादी पुढच्या खोलीत माझ्या मशीनशेजारी टाकली. मे महिना होता, मला खरं वाटलं. मग पाऊस आला. मग दिवाळी झाली. डिसेंबरात कळंब्याच्या तळ्यावरनं असा गारठा येतो की पहाटे भांडी घासताना बोटं वाकत नाहीत, तेव्हाही हे कानाला मफलर गुंडाळून बाहेरच, आणि आत उकाडाच. मी विचारलं नाही. काय विचारायचं? पन्नाशीला आलेल्या बाईनं कोणत्या तोंडानं? एका दुपारी दार लावून, गळ्यातलीच टेप घेऊन मी माझं माप घेतलं. गिऱ्हाइकाचं घेते तसं, दया न दाखवता. कंबर चार इंच वाढली होती. ह्यांची कंबर दुखत होती आणि माझी वाढत होती, आणि ह्या दोन गोष्टींचा मी जो संबंध जोडायचा तो जोडला. टेप गुंडाळून ठेवली. त्या दिवसापासून आरशात फक्त कुंकवापुरती बघत आले.

लघवीच्या डॉक्टरांपर्यंत आम्ही पोचलो ते विजयसिंहभाऊजींमुळं. पृथ्वीराजच्या, म्हणजे त्यांच्या मुलाच्या, साखरपुड्यात हे दोन तासांत पाचदा उठले. ‘काय रं, मुतखडा बिडा हाय का?’ भाऊजींनी मांडवभर ऐकू जाईल असं विचारलं. मग त्यांच्याच ओळखीचे एक डॉक्टर, हे नव्हेत, आधीचे. त्यांनी वय विचारलं, बावन्न. लघवीला सारखं जावं लागतं? व्हय. बाकी काही त्रास? ‘तसं काय न्हाय.’ ताप? ‘तसं काय न्हाय.’ दुखतं कुठं? ‘कंबर, खालनं.’ त्या डॉक्टरांचा दोष म्हणावा तर ह्यांनी त्यांच्या पदरात टाकलं काय? त्यांनी कागदावर प्रोस्टेटायटिस लिहिलं आणि अठ्ठावीस दिवसांच्या गोळ्या दिल्या. घरात आनंदीआनंद. नाव मिळालं! पहिले दहा-बारा दिवस बरं वाटलं, मग परत तेच. पुन्हा अठ्ठावीस. पुन्हा. चार वेळा. पोट कायमचं बिघडलं, टाचेच्या वरची शीर धरायला लागली, आणि माणूस उभाच्या उभाच. लघवीचा तपासणीचा कागद प्रत्येक वेळी यायचा, त्यावर ‘नो ग्रोथ’. पहिल्यांदा मी तो वाचला आणि घाबरले. वाटलं, आतलं काहीतरी वाढायचं थांबलंय. मॅट्रिकच्या इंग्रजीवर माणूस किती घाबरू शकतो! मग फोनवर एकेक शब्द टाकून बसले, मशीन बंद ठेवून. कळलं ते असं, की लघवीत जंतू वाढवायला ठेवतात आणि वाढले नाहीत तर असं लिहितात. चारदा ठेवले, चारदा वाढले नाहीत. पुढं कळलं, की नावाच्या शेपटीला जे ‘आयटिस’ असतं त्याचा अर्थ सूज. मग मला पडलेला प्रश्न अगदी अडाणी होता: जंतू नाहीत, सोनोग्राफीत प्रोस्टेट वाढलेली नाही, तर हे अठ्ठावीस-अठ्ठावीस दिवस आम्ही मारत कुणाला होतो?

पण घरातल्यांनी त्याच कागदांचा उलटा अर्थ लावला. सगळं नॉर्मल. ह्या एका शब्दानं माझं जेवढं डोकं उठवलंय तेवढं कुठल्या शिवीनं नाही. आधी भाऊजी दाराशी उभं राहून, चप्पल न काढता, खालच्या आवाजात विचारून गेले, ‘वैनी, तसलं काय न्हाय न्हवं?’ तसलं म्हणजे कॅन्सर. तोही आमच्यात नाव घेण्यातला नाही. त्याची रक्ताची तपासणी चांगली आली होती, तसं मी सांगितलं. तर मोठ्यांदा हसून म्हणाले, ‘मग काय हाय? मग डोक्यात हाय त्याच्या! हिंडाव, फिराव, चार बैठका माराव.’ बैठका! आत्तीसुद्धा म्हणायला लागल्या, ‘कागदावर काय न्हाय म्हंतोय डाक्टर, आन् ह्यो खांबागत हुभा.’ मला त्यांना सांगावंसं वाटायचं, अहो, माझ्याकडं बाई येते, म्हणते काखेत काचतंय. मी टेप लावते. टेपवर माप अगदी बरोबर, अर्ध्या बोटाचा फरक नाही. म्हणून काय मी तिला म्हणते, बाई, तुझ्या डोक्यात काचतंय? टेपला काचत नसतं, बाईला काचत असतं. पण मी हे बोलले नाही. कारण आत कुठंतरी मीही त्यांच्यातलीच. मलाही वाटायचंच, की ह्यांना दुखतबिखत काही नाही; माझ्याजवळ यायचं नाही, म्हणून हे सगळं उभं राहणं. असं वाटून घेतलं की राग करायला सोपं जातं. दुखणाऱ्या माणसाचा राग किती दिवस करणार?

आज सकाळी निघताना चपलेत पाय घालत हे म्हणाले, ‘ह्यो शेवटचा डॉक्टर. ह्यानं बी गोळ्याच दिल्या, तर घेनार न्हाय आनि परत कुनाकडं येनार न्हाय. ऱ्हाईन असाच हुभा.’ धमकी म्हणून नाही म्हणाले. थकून, दुकानाचं शटर ओढावं तसं. आणि मला दिसलं, की हे खरंच असेच राहतील. भिंतीला खांदा लावून, दुकानात, एसटीत, पोरीच्या लग्नात, साठीत, सत्तरीत. उभे, सज्जन आणि माझ्यापासून एक खोली लांब. रिक्षातही हे एका कुल्ल्यावर तिरके बसून आले, छताची दांडी धरून. रिक्षावाला म्हणाला, ‘काका, नीट बसा की, पडशिला.’ तेव्हा तरी म्हणतील असं वाटलं होतं. नाही म्हणाले.

‘धैर्यशील…’ मोनानं आडनाव चुकीचं वाचलं आणि आम्ही आत गेलो. डॉक्टर उन्मेष म्हणून पाटी, वय पस्तिशीच्या आत-बाहेर, म्हणजे ह्यांच्या दृष्टीनं पोरगंच. फाईल त्यांनी पहिल्या पानापासून वाचली, घाई न करता. हे खुर्चीमागं उभे. ‘बसा,’ असं डॉक्टर म्हणाले नाहीत, त्यावरून मला त्यांच्याबद्दल बरं वाटलं. ‘दुखतं कुठं?’ त्यांनी विचारलं. ह्यांनी हात मागं नेला, पाठीच्या कण्याच्या तळाशी ठेवला आणि म्हणाले, ‘कंबर.’

मला वाटलं, मी आता रडेन किंवा ओरडेन. दोन्ही झालं नाही; तोंडातनं भलतंच बाहेर पडलं. ‘डॉक्टर, मी शिवणकाम करते. पॅन्टचं आसन म्हायती हाय न्हवं तुमाला? चारी शिवणी जितं मिळतात. तितं दुखतंय ह्यांना. कंबरेत न्हाय. दोन वर्षं झाली, तितलं कापड झिजलेलं न्हाय.’ ह्यांनी माझ्याकडं वळून बघितलं. मी पहिल्यांदाच त्यांना उघड्यावर बघितल्यासारखं. डॉक्टर हसले नाहीत. फाईलच्या कोऱ्या बाजूला दोन पायांचं एक साधं चित्र काढलं, मध्ये पेनाचं टोक ठेवलं. ‘इथं?’ ह्यांनी चित्रावर वाकून बघितलं. हे म्हणाले, ‘व्हय.’

मग पडद्याआड आतून, बोटानं तपासणी झाली. आजवर दोन वर्षांत ती झालीच नव्हती. आधीच्या डॉक्टरांनी विचारलं तेव्हा ह्यांनी ‘झालीया की परवा एका ठिकानी’ असं धडधडीत खोटं सांगितलं होतं, हे मला आत्ता, पडद्याच्या ह्या बाजूला बसून कळत होतं. डॉक्टरांचा आवाज यायचा. ‘ही प्रोस्टेट. दाबतोय. दुखतं?’ ‘न्हाय.’ ‘आता बाजूचा स्नायू…’ आणि ह्यांच्या तोंडून ‘आई गं’ आलं, लहान मुलासारखं. मी खुर्चीच्या कडा धरून बसले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते दुःखाचं होतं असं म्हणवत नाही. खरं होतं तर! डोक्यात नव्हतं. बोट ठेवावं तिथं होतं.

हात धुऊन डॉक्टर सांगत बसले. मी कान देऊन ऐकत होते, गिऱ्हाइकाचं माप ऐकावं तसं. प्रोस्टेटायटिस म्हणजे त्या ग्रंथीला आलेली सूज. जंतूंनी आली तर लघवीला आग, कधी ताप, थंडी. तपासणीत जंतू सापडतात आणि गोळ्यांनी ते मरतात. ‘तुमच्या कागदांवर चारदा जंतू नाहीत. ग्रंथीवर बोट ठेवलं, दुखलं नाही. पण तिच्याखाली जी स्नायूंची झोळी असते ना, ती सारखी आवळलेली आहे. दुखणं तिथून येतंय असा माझा अंदाज. सगळे त्यालाही प्रोस्टेटचंच दुखणं म्हणतात. पत्ता एकाचा, राहतोय दुसराच.’ त्याला वेगळे उपाय आहेत म्हणाले. ती झोळी सैल सोडायचे व्यायाम, शेक, फिजिओथेरपी, वेळ लागतो, लगेच जात नाही. ‘बैठका?’ मी विचारलं. ‘अजिबात नाही!’ भाऊजींचं तोंड मला समोर दिसलं. ‘पण आधी पक्कं करायचंय,’ डॉक्टर म्हणाले आणि पेन खाली ठेवलं. ‘नुसतं बसल्यावरच दुखतं, की आणखीही कधी? ते कळलं नाही तर मीही अंदाजानंच गोळ्या लिहीन, आधीच्यांसारख्या.’

‘तसं काय न्हाय,’ हे म्हणाले.

डॉक्टरांनी एकदा ह्यांच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. ‘वहिनी, दोन मिनिटं बाहेर थांबता का?’

मी उठले. पिशवी उचलली, फाईलचं कव्हर उचललं, उगाच खुर्ची सरकवून जागेवर लावली. दाराच्या मुठीवर हात ठेवला तेव्हा मला कळून चुकलं होतं, की मी बाहेर गेले की हे त्या पोरसवदा माणसाला कदाचित सांगतील, गोळ्या बरोबर मिळतील, व्यायाम होतील, पॅन्टचं आसन परत विटेल. आणि मला मात्र जन्मभर काहीच कळणार नाही. मी माझी टेप लावत राहीन. हे सगळं दिसत असूनही मी तोंडानं हो म्हणाले. ‘थांबते की,’ म्हटलं.

‘ऱ्हाऊ दे तिला,’ हे म्हणाले.

मी वळले. ते डॉक्टरांकडं बघत नव्हते. टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून, नजर माझ्या पायांपाशी ठेवून, एकेक शब्द खणून काढल्यासारखा बाहेर ठेवत होते.

‘तुझ्याजवळ आलो की दुखतंय. त्या वक्ताला न्हाय, नंतर. आत सुरी फिरवल्यागत. दोन-दोन दिस.’ मग मान वर केली. ‘तू नको झालीस म्हनून न्हाय गं. पायजेस. पन मला भ्या वाटतंय.’